देवाची वकिली

माझी धाकटी बहीण गेली त्याच्या चौथ्या दिवशी एक लांबच्या मावशी भेटायला आल्या. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नव्हती, म्हणून शेजारून चहाची किटली आली होती. मावशींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि अण्णांना विचारलं, "दाजी, कुठं नवसबिवस बोलला होता का? फेडायचा राहून गेला असंल."

अण्णा खांबाला टेकून बसले होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. आई उठून आत गेली.

ही गोष्ट २०११ची. मावशी मनाने वाईट नव्हत्या. धाकटीच्या आजारपणात त्यांनी दोनदा घरचं तूप पाठवलं होतं, एकदा पाचशे रुपये. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून इतक्या वर्षांत गेलेला नाही, कारण त्या एका वाक्यात अख्खा खटला चालून निकालही लागला होता. प्रार्थना फळली नाही म्हणजे कुणाची तरी चूक झाली. देवाची चूक होणं शक्य नाही. मग उरलं कोण? ज्याच्या घरातून तिरडी उठली तो.

न फळलेल्या प्रार्थनेची कारणं आपल्याकडे तयारच असतात. कुळाचार मोडला. खंडोबाची तळी भरली नाही. देवीची ओटी तीन वर्षं गेली नाही. पितर अडलेत, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण-नागबळी करून या. घरात विटाळ कालवला गेला. श्रद्धाच कमी पडली. आणि सगळं यथासांग केलेलं निघालंच, तर मागला जन्म आहेच. तिथली कागदपत्रं कुणी तपासू शकत नाही. शहरात गेलं की शब्द बदलतात एवढंच. तिथे 'तुम्ही निगेटिव्ह विचार करत होतात' असं सांगतात, किंवा 'युनिव्हर्सकडे नीट मागितलं नाहीत'. विमा कंपनीचं पत्र येतं ना, दावा नामंजूर झाल्याचं, आणि खाली बारीक अक्षरात कुठलं तरी कलम असतं? तसंच. हप्ते सगळे भरलेले असतात, कलम मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं या कलमं सांगणाऱ्यांबद्दल आहे. देवाबद्दल नंतर बोलू.

आधी आमच्या घरचं सांगते. धाकटीच्या दोन्ही किडन्या तिच्या चोविसाव्या वर्षी निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस. हातात फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी दोन रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा. त्यावर कान ठेवला की भुंगा अडकल्यासारखा आवाज यायचा. दिवसभरात मोजून लिटरभर पाणी, त्यातच चहा आणि आमटीही धरायची. तिचा आणि आईचा रक्तगट ओ, पण आईला पंधरा वर्षांचा मधुमेह, म्हणून तिची किडनी घेता येत नव्हती. अण्णा आणि मी बी गटाचे. राहिली ती प्रतीक्षायादी. त्या काळात भेटायला येणारा प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या देवाचा प्रसाद आणायचा, आणि त्यात नारळ असायचाच. 'निदान तीर्थ म्हणून नारळाचं पाणी तरी घे,' असा आग्रह व्हायचा. किडनीच्या रोग्याला नारळपाणी वर्ज्य असतं. त्यातल्या पोटॅशियमने हृदयाचा ठोका चुकू शकतो. धाकटी हसून म्हणायची, "ताई, मला देव मारणार नाही, नारळ मारणार."

अण्णा एसटीत कंडक्टर होते आणि माळकरी. आषाढीला जादा गाड्या सुटतात, त्या दिवसांत कंडक्टरला रजा मिळणं म्हणजे मारामारी. तरी १९८८पासून त्यांनी वारी चुकवली नव्हती. नोकरीत असताना माउलींची पालखी फलटणला आली की तिथून पुढे चालायचे, निवृत्त झाल्यावर आळंदीपासून. एकवीस वारींत त्यांनी काही मागितलं नव्हतं. माळकऱ्याने नवस करायचा नसतो, हे आमच्या घरात 'जेवणाआधी हात धुवायचे' इतकं साधं होतं. २००९च्या आषाढीला मात्र त्यांनी नामदेव पायरीशी डोकं टेकून मागितलं, पोरीला किडनी मिळू दे. हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं, आणि सोबत आणखी एक गोष्ट सांगितली. परतीच्या गाडीत त्यांच्या ध्यानात आलं की यादीतून किडनी मिळते ती मेंदू मृत झालेल्या माणसाची. "म्हणजे मी दुसऱ्याच्या घरात मयत मागून आलो का गं?" असं त्यांनी मला विचारलं होतं.

मी तेव्हा काहीतरी समजुतीचं बोलले असेन. आज वाटतं, न फळलेल्या प्रार्थनेबद्दल मी ऐकलेला सर्वांत प्रामाणिक प्रश्न तोच. एकाच आयसीयूबाहेर दोन घरं हात जोडून बसलेली असतात. एकाला आपला पोरगा जगायला हवा असतो. तो जगला तर दुसऱ्याची यादी हलत नाही. कुणाची प्रार्थना 'खरी' म्हणायची? मावशींच्या न्यायालयात याला उत्तर नाही, कारण तिथे एका वेळी एकच घर उभं केलं जातं.

आता 'नवसाला पावणारा' ही पाटी बघा. मुंबईतला लालबागचा राजा मुळात नवसातूनच उभा राहिला. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद पडला, तिथल्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी नवस बोलला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला. पोटापाण्यासाठी केलेलं ते सामुदायिक मागणं होतं, आणि जागा मिळावी म्हणून माणसं स्वतःही खटपट करत होती. मला त्यात काही गैर दिसत नाही. आज तिथे मुखदर्शनाची रांग वेगळी आणि नवसाची वेगळी असते. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळं, मेणाची घरं मिळतात. जे दुखतं किंवा जे हवं ते मेणात विकत घ्यायचं आणि मरियेपुढे ठेवायचं. माहीमच्या सेंट मायकलमध्ये बुधवारच्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची गर्दी असते आणि तिथे आभाराची पत्रं वाचून दाखवतात. नोकरी लागली, मूल झालं, व्हिसा मिळाला. दर्ग्याच्या जाळीला दोरे बांधलेले असतात ते वेगळेच.

या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. फेडायला येतो तो ज्याचं झालं तो. ज्याचं झालं नाही, तो त्या रांगेत परत उभा राहत नाही. त्याचं पत्र कुणी वाचत नाही. देवीच्या देवळात चांदीचे पाळणे टांगलेले दिसतात. जे पाळणे घडवलेच गेले नाहीत, ते कुठे टांगणार? त्यामुळे देवळाच्या भिंतीकडे बघून पावण्याचा हिशेब काढला तर तो शंभर टक्केच निघेल. खोटं कुणी बोलत नाही. नुसती अर्धी माणसं गैरहजर असतात.

आणि मग ती गैरहजर माणसं आपल्या घरी बसून विचार करतात की पावणाऱ्या देवाने मला एकट्यालाच कसं वगळलं.

नवसाची ही देवाणघेवाण तुकोबांनी चारशे वर्षांपूर्वी एका ओळीत निकालात काढली. 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पति ॥' ही ओळ बुद्धिवादी मंडळी भाषणात वापरतात, आणि वापरावीच. पण ती म्हणणारा माणूस देव सोडून बसलेला नव्हता, हे सांगायचं राहून जातं. १६३० साली दख्खनेत पाऊस पडला नाही. त्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, गुरं गेली, बायको गेली, पोर गेलं. 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं त्यांनीच लिहून ठेवलंय. त्यातून उठलेला हा माणूस पुढे म्हणतो, 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'.

ही दुसरी ओळ फार धोक्याची आहे. सांत्वनाला येणाऱ्यांची ती लाडकी. 'बघा, तुकोबासुद्धा म्हणाले बरं झालं!' अहो, म्हणाले. पण कोण म्हणालं आणि कुणाबद्दल म्हणालं? ज्याचं दिवाळं निघालं तोच म्हणाला, स्वतःबद्दल म्हणाला. देहूच्या कुठल्या शेजाऱ्याने रखमाबाईच्या चितेपाशी उभं राहून 'बरं झालं' म्हटलं असतं, तर तो अभंग झाला नसता, निर्लज्जपणा झाला असता. आणि हेच तुकोबा दुसऱ्या एका घटकेला म्हणतात, 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥' माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. हा अभंगही गाथेत आहे. वारकऱ्यांनी तो काढून टाकला नाही, लपवला नाही. सांत्वनाला येणाऱ्यांनी मात्र तो कधी म्हटलेला मी ऐकला नाही.

आणखी एक गोष्ट. परंपरा सांगते की दुष्काळानंतर तुकोबांनी घरातली सावकारीची कागदपत्रं काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याचे खत-रोखे इंद्रायणीत सोडले. हे आपण वैराग्याची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती वहीखात्याची गोष्ट वाटते. ज्याचं स्वतःचं सर्वस्व बुडालं, त्याने दुसऱ्यांकडून यायचं होतं तेही सोडलं. येणं-देणं लिहायची सवयच त्याने नदीत टाकली. पुढे देवाशी बोलतानाही ती वही त्याच्या हातात नव्हती, म्हणून तो देवाला शिव्या देऊ शकला आणि शिव्या देऊनही त्याच्यापाशी राहू शकला. वही धरून बसलेल्याला हे जमत नाही. त्याला जमा-खर्च जुळला नाही की एक तर देव खोटा ठरवावा लागतो, नाही तर स्वतःला चोर.

पण सगळ्याच न फळलेल्या प्रार्थना एका जातीच्या नसतात, आणि इथे मला थोडं थांबायचंय.

अस्पृश्य म्हणून देवळाबाहेर ठेवलेल्या संत चोखोबांनी विठ्ठलाकडे आयुष्यभर एकच गोष्ट मागितली. आत येऊन भेटू दे. ती मिळाली नाही. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते मेले. साल १३३८ सांगतात. नामदेवांनी अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, दाराच्या बाहेर. चोखोबांची प्रार्थना कुणी नाकारली? विठ्ठलाने? दारात उभे होते ते हाडामांसाचे, पगडी घातलेले लोक होते. त्यांनी 'देवाला चालत नाही' असं देवाच्या वतीने सांगितलं. देवाच्या वकिलीचा याहून जुना खटला मला ठाऊक नाही. चोखोबांच्या मुलाने, कर्ममेळ्याने, मात्र ती वकिली मानली नाही. त्याने थेट वरच विचारलं: 'आमुची केली हीन याति । तुज कां न कळे श्रीपति ॥' तुला कळत कसं नाही? पुढची ओळ याहून तिखट आहे: 'जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥' लाज वाटत नाही का तुला? हे देवाला विचारलेलं आहे, आणि विचारणारा भक्त आहे.

त्या दाराचं पुढे काय झालं? विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून हेच मागत फिरले होते. दहा दिवसांच्या उपोषणानंतर दार उघडायचं ठरलं. सहाशे नऊ वर्षं. चोखोबांची प्रार्थना फळली असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण ती माणसांनी बंद केली होती आणि माणसांनी उघडली. मधल्या सहा शतकांत ज्यांनी ज्यांनी 'देवाची इच्छा' म्हटलं, त्यांनी देवाच्या नावावर आपला माल खपवला.

हे जुनं झालं म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात शेतात साप चावतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात इंजेक्शन नसतं, रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली असते, तालुक्याला पोचेपर्यंत पोर काळंनिळं पडतं. संध्याकाळी ओसरीवर कुणीतरी म्हणतं, "आयुष्यच तेवढं दिलं होतं देवानं." झालं. औषध का नव्हतं हे विचारायची जागाच भरून गेली. देवाच्या इच्छेइतका सोयीचा साक्षीदार सरकारी खात्याला दुसरा मिळत नाही. तो कधी उलटतपासणीला येत नाही. अशा मरणात देवाचं नाव घेणं ही मला देवाचीच बदनामी वाटते.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा इथेच रेघ मारतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तेव्हा आमच्या दिंडीतही कुजबुज होती की आता वारीवर बंदी येणार, कीर्तनावर येणार. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, भजन, कीर्तन, उपासना यांना कायद्याने स्पष्ट शब्दांत बाजूला ठेवलंय. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-गंडा देणं, हा गुन्हा आहे. देवाकडे मागायला कायद्याची ना नाही. देवाचं नाव सांगून दवाखान्याची वाट अडवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. हे अण्णांना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग यात आमच्या विरुद्ध काय हाये?"

आता बुद्धिवादी मित्रांकडे वळते. २०२० सालच्या मार्चमध्ये करोनामुळे पंढरपूरचं देऊळ बंद झालं, बाकीचीही झाली. मोबाइलवर चित्रं फिरू लागली: देवाने दार लावून घेतलं, डॉक्टर उभा राहिला. धर्माच्या बाजारात बसलेल्यांना ती चपराक होती आणि त्यांना ती मिळायलाच हवी होती; रोगावर यंत्र विकणारे तेव्हाही होते. पण वारकऱ्याला ती लागली नाही, कारण वारकऱ्याने 'देव मला रोग होऊ देणार नाही' असा करार कधी केलाच नव्हता. त्या वर्षी वारी पायी निघाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या गाड्यांतून पंढरीला गेल्या आणि लाखो माणसं गुपचूप घरी बसली. 'ठायींच बैसोनि करा एकचित्त' हे पाठ होतं, त्याचा तेव्हा उपयोग झाला. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. टीव्हीवर फुलांनी सजवलेली एसटी बघून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं मी माउलीच्या मागं चाललो. शेवटी ती आमच्या गाडीत बसली." मग थोड्या वेळाने: "तिकीट फाडलं असंल का रं कुणी?"

माझी एक जिवलग मैत्रीण नास्तिक आहे. ती विचारते, "तुमचा देव मागितलेलं देत नाही, संकट टाळत नाही, मग त्याच्यावर भरवसा ठेवून फायदा काय?" प्रश्न रास्त आहे. पण 'फायदा काय' हा मावशींचाच प्रश्न आहे, फक्त दुसऱ्या बाजूने विचारलेला. वही तीच. मावशी वहीत माणसाच्या नावावर थकबाकी लिहितात, मैत्रीण देवाच्या. तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि देव आहे हे मी सिद्ध करू शकत नाही. माझ्या वडिलांचा भरवसा फायद्यावर उभा नव्हता, हे मात्र मी समोर बसून पाहिलंय. आपण आईवर भरवसा ठेवतो तो तिने प्रत्येक हट्ट पुरवला म्हणून ठेवत नाही. तिने काय नाकारलं याची तक्रार आपण पन्नाशीतही करतो, आणि करतो तीही तिच्याच जवळ बसून.

कुणाचा भरवसा तुटतो आणि तुटूनच जातो, हेही मान्य करायला हवं. पंडिता रमाबाईंच्या घराने काय कमी केलं होतं? वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृताचे गाढे विद्वान. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडायचं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि देवकार्यात घालवलं. दुष्काळात वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. रमाबाईंचा त्या देवांवरचा विश्वास उडाला. पुढे १८८३ साली त्या इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, तर पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी त्यांच्यावर आग पाखडली. त्या कोवळ्या पोरीला रानात कुणी मूठभर भात दिला नव्हता, पण तिने देव बदलल्यावर हिशेब मागायला सगळे हजर. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी दुष्काळातल्या शेकडो पोरी सांभाळल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्या आधी गेली. या वेळी विश्वास तुटला नाही. पहिल्या वेळी तुटला आणि दुसऱ्या वेळी का टिकला, याची कारणमीमांसा करायचा मला तरी अधिकार वाटत नाही. ज्याच्या घरी मरण झालंय त्याने देव धरावा, सोडावा, बदलावा. बाहेरच्यांनी भात घेऊन यावं.

यावर एक आक्षेप माझ्या आईनेच घेतला. मी एकदा तावातावाने म्हणाले होते, 'देवाची इच्छा' हे शब्दच वापरू नयेत. आई म्हणाली, "मग मी काय म्हणू?" धाकटी गेल्यावर ती स्वतःशी सारखी म्हणत असे, देवानं सोडवली माझ्या पोरीला. अडीच वर्षं सुया, उलट्या, सुजलेले पाय हे तिने रात्रंदिवस पाहिलं होतं. 'सोडवली' या एका क्रियापदावर ती रोज सकाळी उठून उभी राहायची. ते काढून घ्यायचा मला काय हक्क? माझी भूमिका मी तेव्हा दुरुस्त केली. आई म्हणते ते तिचं आहे. तेच वाक्य तेराव्याला एका पाहुण्याने म्हटलं, तेव्हा तीच आई ताटावरून उठली होती.

अण्णांचं मात्र वेगळं झालं. २०१२च्या आषाढीला ते दिंडीबरोबर निघाले आणि एकादशीच्या आदल्या दिवशीच घरी आले. आम्ही घाबरलो, पाय दुखावला की काय. ते म्हणाले, "वाखरीपर्यंत गेलो. बाजीराव विहिरीचं रिंगण पाहिलं. मग फिरलो." पंढरपूर तिथून दोन तासांच्या चालीवर. आईने विचारलं, "एवढ्या जवळ जाऊन दर्शन नाही?"

"बघू दे त्याला वाट," अण्णा म्हणाले. "त्यालाही कळंल, यादीत नाव असलं की कसं वाटतं."

पुढच्या वर्षी ते सगळी वारी चालले. आत गेले की कळसाला हात जोडून परतले, मी विचारलं नाही. त्या वर्षी त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरून आणला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. यादीत दुसऱ्याही कुणाचं नाव असतं, एवढंच म्हणाले.

२०२२मध्ये ते गेले, पहाटे, झोपेत. सहा तासांच्या आत बुबुळं काढावी लागतात, म्हणून मी आधी नेत्रपेढीला फोन केला आणि मग नातेवाइकांना. डोळे मिटवून त्यावर ओला कापूस ठेवला, उशी उंच केली, पंखा बंद केला. मे महिना. भेटायला आलेली माणसं पदराने वारा घेत बसली. पंखा का बंद, हे कळल्यावर एक काका हळूच म्हणाले, "वहिनी, पुढच्या जन्मी आंधळा येतो म्हणतात असं केलं की."

आईने डोळे पुसले. "येऊ तर दे," ती म्हणाली. "मग बघू."

नेत्रपेढीचं पत्र आलं. दोन्ही बुबुळं दोन माणसांना बसवली, एवढंच त्यात होतं. नावं सांगत नाहीत. त्या दोन घरांतून कुठल्या देवाला नारळ फुटला, कुठे मेणाचे डोळे वाहिले गेले, आम्हाला कळायची सोय नाही. आई अधूनमधून अंदाज बांधते. परवा म्हणाली, "त्यातला एक तरी माळकरी असंल बघ."

मी म्हटलं, "नसला तर?"

"नसंना का," आई भाजी निवडत म्हणाली. "कुणीकडं गेला तरी बघंल ते यांच्याच डोळ्यानं."